खाण्याचा सोडा: आम्ल कुठे आहे आणि मागे काय उरणार?

हळद घातलेल्या ढोकळ्यावर कधीकधी लालसर ठिपके उमटतात. पीठ खराब नसते, हळदीतही भेसळ नसते. त्या जागी सोड्याची गुठळी न विरघळता राहून गेलेली असते. हळद आम्लात पिवळी राहते आणि अल्कात, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थात, लाल होते. हळदीपासून कुंकू करतात ते याच गुणावर, आणि आमटीचा डाग साबण लागताच लाल होतो तोही यामुळेच. ठिपक्यावर लिंबाचा थेंब टाकून पाहा, तो पुन्हा पिवळा होईल. सोड्याचे बहुतेक सगळे वागणे या ठिपक्यात आहे: त्याला जोडीला आम्ल मिळाले की तो कामाला लागतो, नाही मिळाले तर अल्क म्हणून मागे उरतो.

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. पाण्यात विरघळवला तर सामू (पीएच) साधारण 8.3 येतो, म्हणजे तो सौम्य अल्क आहे. त्याचा थोरला भाऊ धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. त्याच्या द्रावणाचा सामू 11 च्या पुढे जातो. तो खाण्याचा नाही. पापडखारात प्रामुख्याने हेच दोन क्षार असतात आणि लोणारच्या सरोवराचे पाणी खारट, अल्कधर्मी आहे त्यातही यांचाच मोठा वाटा आहे. कारखान्यात आधी मीठ, अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून खाण्याचा सोडा तयार होतो आणि तो तापवून धुण्याचा सोडा मिळतो. बेल्जियमच्या अर्नेस्ट सोल्व्हे यांनी 1860 च्या दशकात बसवलेली ही पद्धत आहे. गुजरातेतल्या मिठापूरचा टाटा केमिकल्सचा सोड्याचा कारखाना 1939 पासूनचा.

सोड्यातून वायू दोन वाटांनी सुटतो आणि स्वयंपाकात सगळी गल्लत इथेच होते. आम्ल मिळाले तर सोड्यातला सगळा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आम्ल नसताना नुसती उष्णता मिळाली तर निम्माच वायू सुटतो आणि उरलेल्या निम्म्याचा धुण्याचा सोडा होतो. साबणासारखी चव, पिवळट-तपकिरी रंग आणि जिभेवर राहणारा तुरटपणा त्यातून येतो.

हिशेब अगदी साधा आहे. 1 ग्रॅम सोड्याला पाऊण ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड (वाण्याकडचे लिंबूफूल) लागते. 200 ग्रॅम बेसनाच्या ढोकळ्याला 4 ग्रॅम सोडा आणि 3 ग्रॅम लिंबूफूल घेतले तर दोघे एकमेकांना पुरते संपवतात आणि सव्वा लिटरच्या आसपास वायू सुटतो. चमच्याने मोजायचे तर 5 मिलिलिटरच्या सपाट चमच्यात साडेचार ते पाच ग्रॅम सोडा मावतो. एक वाटी, म्हणजे सुमारे 240 मिलिलिटर, आंबट दही अर्धा चमचा सोडा रिचवते.

क्रमही महत्त्वाचा आहे. लिंबूफूल, मीठ, साखर आधी पिठात पूर्ण विरघळू द्यावे. ढोकळापात्रातले पाणी खळखळ उकळू लागले की मगच सोडा दोन चमचे पाण्यात कालवून पिठात ओतावा, अर्धा मिनिट फेटावे आणि लगेच ताट आत सरकवावे. 15 मिनिटे पुरतात. सोडा आणि आम्ल भेटताच वायू सुटू लागतो आणि काही मिनिटांत निसटून जातो. बेसनातली प्रथिने वाफेने घट्ट होऊन बुडबुडे अडकवायला तेवढाच वेळ मिळतो. पीठ फसफसलेले पाहून गॅस पेटवायला जाल तर ढोकळा दडदडीत होणारच. इनोच्या पुडीत सोडा आणि सायट्रिक अ‍ॅसिड जवळपास सारख्या वजनाने असतात, म्हणून तिथे वेगळे लिंबूफूल लागत नाही. हे दोन्ही ओल मिळताच एकमेकांना खातात, तेव्हा पुडी उघडी ठेवू नये. बेकिंग पावडरीत सोडा, कोरडे आम्ल आणि ओल शोषणारा स्टार्च असतो. एक चमचा बेकिंग पावडरऐवजी पाव चमचा सोडा आणि अर्धी वाटी आंबट दही चालते. पाणी किंवा दूध तेवढे कमी करावे.

भज्यांच्या पिठात मात्र आम्ल नसतेच, म्हणून तिथे वाटीभर बेसनाला चिमूटच पुरे. जास्त झाला की भजी जाळीदार होतात, तेल पितात आणि अल्कामुळे आतून शिजण्याआधीच वरून काळपट होतात.

छोले-राजम्याच्या बाबतीत आपल्याला वायू नकोच असतो, अल्कच हवा असतो. दाण्याच्या पेशींना एकत्र धरणारे पेक्टिन अल्कात लवकर विरघळते. बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम नेमके त्याच पेक्टिनला बळकटी देते, म्हणून काही गावांत डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या देऊनही टचटचीत राहते. वाटीभर छोले भिजवताना पाव चमचा सोडा घालावा, शिजवण्याआधी ते पाणी फेकून द्यावे. किंमत मात्र मोजावी लागते: थायमिन, म्हणजे ब1 जीवनसत्त्व, अल्कात नष्ट होते. पालेभाजी हिरवीगार दिसावी म्हणून सोडा घालणे तर तोट्याचेच. रंग टिकतो, पण क जीवनसत्त्व जाते आणि पानांचा चिखल होतो.

दूध नासू नये म्हणून चिमूटभर सोडा टाकण्याची सवयही सोडून द्यावी. जिवाणूंनी तयार केलेले आम्ल सोडा झाकतो, जिवाणू तसेच वाढत राहतात. शिळे दूध ताजे भासवण्यासाठी भेसळ करतात तीही याच युक्तीने. ती पकडायला 5 मिलिलिटर दुधात तेवढेच अल्कोहोल आणि रोझोलिक आम्लाचे (अल्कात रंग बदलणाऱ्या रसायनाचे) काही थेंब घालतात; गुलाबी-लाल रंग आला तर कार्बोनेट आहे.

सफाईत सोड्याचे कौतुक जरा जास्तच होते. व्हिनेगर आणि सोडा एकत्र ओतले की फेस भरपूर येतो, पण दोघांनी एकमेकांना संपवलेले असते. मोरीत उरते ते सोडियम अ‍ॅसिटेटचे पाणी, आणि त्याने ना केस विरघळतात ना तेल. सोडा एकटाच ओल्या फडक्यावर घेऊन घासला तर चांगला: त्याचे कण मऊ असतात, ओरखडे पडत नाहीत. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात मात्र तो भिजत ठेवू नये, भांडे काळवंडते. फळांच्या सालीवरच्या कीटकनाशकांसाठी 1 लिटर पाण्यात 10 ग्रॅम सोडा घेऊन फळे 12 ते 15 मिनिटे बुडवावीत. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात 2017 मध्ये सफरचंदांवर या प्रमाणाने दोन कीटकनाशकांचे सालीवरचे अंश निघाले, सालीच्या आत मुरलेले राहिलेच.

चांदीवर मात्र सोडा खरोखर चमत्कार वाटावा असे काम करतो. काचेच्या भांड्याच्या तळाशी अ‍ॅल्युमिनियम फॉइल पसरा, वर काळी पडलेली निरांजने, पैंजण ठेवा, प्रत्येक वस्तू फॉइलला टेकली पाहिजे. लिटरभर उकळत्या पाण्यात दोन मोठे चमचे सोडा विरघळवून ओता. काही मिनिटांत काळेपणा उतरतो आणि सडक्या अंड्याचा हलका वास येतो. तो काळा थर चांदी आणि गंधकाच्या संयुगाचा असतो. अ‍ॅल्युमिनियम गंधकाला सोडवून घेते आणि चांदी दागिन्यावर परत बसते, झिजत नाही. मोती, खडे आणि मुद्दाम काळे केलेले ऑक्सिडाइज्ड दागिने यात घालू नयेत.

पोटातही हिशेब तोच आहे: जठरातले हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडा मिळून मीठ, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. ढेकर येते, जळजळ मिनिटांत शमते. प्रौढांसाठी मात्रा अर्धा सपाट चमचा, अर्धा ग्लास पाण्यात फेस जाईपर्यंत पूर्ण विरघळवून. भरपेट जेवणावर लगेच घेऊ नये; आधीच ताणलेल्या जठरात एकदम वायू सुटून ते फाटल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. अर्ध्या चमच्यात 0.6 ग्रॅमहून जास्त सोडियम असते आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 2 ग्रॅमच्या आतच राहा म्हणते. म्हणून रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांसाठी हा उपाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. दुसऱ्या गोळ्या आणि सोडा यांत दोन तासांचे अंतर हवे. दोन आठवड्यांनीही जळजळ थांबत नसेल तर सोडा बंद करून तपासून घ्यावे. आणि छातीत जळजळीसोबत घाम, धाप किंवा हातात कळ असेल तर सोडा कालवत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे.

सोड्याने सर्वात मोठे काम केले ते पटकीच्या (कॉलऱ्याच्या) साथीत. 1971 मध्ये बांगलादेशच्या युद्धातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी 1 लिटर पाण्याला 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम सोडा असे मिश्रण तोंडाने पाजायला सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या आत आले. जुलाबातून शरीरातले बायकार्बोनेट वाहून जाते आणि रक्त आम्लाकडे झुकते. सोडा ती तूट भरत होता. पुढे दमट हवेत पुड्यांमधल्या सोड्याची ग्लुकोजशी अभिक्रिया होऊ लागली, पावडर तपकिरी पडू लागली, म्हणून 1984 पासून त्याच्या जागी सायट्रेट (सायट्रिक अ‍ॅसिडचा क्षार) आले. आज घरात जुलाबावर सोडा मोजत बसण्याची गरज नाही, ओआरएसची तयार पुडी आणावी.

रुग्णालयात सोडा अजून रोजचाच आहे. 8.4 टक्के इंजेक्शनच्या दर मिलिलिटरमध्ये बरोबर 1 मिलिमोल (रेणूंची संख्या मोजण्याचे एकक) बायकार्बोनेट असते, कारण सोड्याचा रेणुभार 84 आहे. काही विषबाधांत, रक्त फार आम्लधर्मी झाल्यास ते देतात, पण कॅल्शियमच्या त्याच नळीतून कधीच नाही, आत खडू तयार होतो. डायलिसिसचे द्रावण अ आणि ब अशा दोन कॅनमध्ये वेगळे येते ते याच भीतीने.

आणि कर्करोग? सोड्याने शरीर ‘अल्कधर्मी’ करून गाठ विरघळवण्याचा दावा खोटा आहे. सोडा घेतल्याने लघवीचा सामू बदलतो. रक्ताचा सामू मात्र फुप्फुसे आणि मूत्रपिंडे 7.35 ते 7.45 मध्येच धरून ठेवतात, आणि त्या मर्यादा ओलांडण्याइतका सोडा घेतला तर झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके चुकू शकतात. केमोथेरपी घेणाऱ्यांचे तोंड सोलवटते तेव्हा मात्र सोड्याचा खरा उपयोग होतो: एक कप कोमट पाण्यात पाव चमचा सोडा आणि त्याच्या निम्मे मीठ, रोज ताजे करून दिवसातून अनेकदा गुळण्या, गिळायचे नाही, मग साध्या पाण्याने चूळ भरायची.