फ्लोरिस्टमार्फत फुलं आणि कुंडीतली रोपं पाठवणं

एका गावच्या माणसाने दुसऱ्या गावच्या माणसासाठी फुलांची किंवा रोपांची ऑर्डर द्यायची आणि ती घेणाऱ्याच्या गावातल्या फ्लोरिस्टने (फुलांचं दुकान चालवणाऱ्याने) आपल्या दुकानात असलेल्या मालातून बनवून घरपोच करायची, अशी ही पद्धत आहे. प्रवास निरोपाचा आणि पैशाचा होतो, फुलं तिथल्या तिथे फक्त काही गल्ल्या ओलांडतात. हे एकदा नीट समजलं की कमिशन कसं वाटलं जातं, फोटोतला बुके हुबेहूब का येत नाही, तक्रार कोणाकडे करायची, या सगळ्याचा उलगडा होतो. गावातल्या गावात फुलं पोचवणं अर्थातच खूप जुनं, त्याला कुठली संस्था लागत नव्हती, त्यामुळे इथे मुख्यतः गाव-ते-गाव पद्धतीबद्दलच लिहिलंय.

सुरुवात कोणी केली यावर दोन बाजू आहेत आणि दोघांकडे बऱ्यापैकी पुरावा आहे. जर्मन बाजूचं म्हणणं असं की बर्लिनचे फ्लोरिस्ट माक्स ह्यूबनर यांनी १९०८ मध्ये फ्लोरिस्ट लोकांची एक संघटना उभी केली, कारण रेल्वेने पाठवलेली फुलं पोचेपर्यंत कोमेजून जायची, त्यापेक्षा ऑर्डरच तिथल्या व्यवसायबंधूला कळवावी हा साधा विचार. हीच संघटना पुढे १९२७ च्या सुमारास देशाबाहेर पसरली आणि फ्लेरोप या नावाने ओळखली जायला लागली. अमेरिकन बाजूचं म्हणणं असं की १९१० च्या ऑगस्टमध्ये तिथल्या काही फ्लोरिस्टांनी (कुठे १३ तर कुठे १५ असा आकडा मिळतो) एकमेकांच्या ऑर्डरी तारेने घ्यायचं ठरवलं, डेन्व्हरचे जॉन व्हॅलेंटाइन त्यांचे पहिले अध्यक्ष झाले, आणि त्यातून फ्लोरिस्ट्स टेलिग्राफ डिलिव्हरी म्हणजे एफटीडी उभी राहिली. अमेरिकेत लिहिलेल्या धंद्याच्या इतिहासांत बर्लिनचा उल्लेख बऱ्याचदा ओझरता असतो, आणि जर्मन लिखाणात १९०८ हे साल ठळक असतं.

सालांचाच हिशोब केला तर बर्लिन पुढे आहे, आणि तसं मानायला हरकत वाटत नाही. पण प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे तो असा, की ओळखीच्या दोन फ्लोरिस्टांनी एकमेकांना तार करून ऑर्डर सांगणं हे तारयंत्र आल्यावर कधीतरी सुरू झालं असणारच, त्याची नोंद कोण ठेवणार, त्यामुळे १९०८ किंवा १९१० ही दोन्ही सालं पद्धतीच्या जन्माची नसून संघटनेच्या जन्माची आहेत. आणि संघटनेचं महत्त्व तारेपेक्षा हिशोबात आहे. ज्याला आपण कधी भेटलो नाही अशा हजार मैल दूरच्या दुकानदाराच्या शब्दावर आज फुलं द्यायची आणि पैसे नंतर मिळतील असं धरायचं, हे हमी असल्याशिवाय मोठ्या प्रमाणावर चालत नाही. सभासदांच्या आपसातल्या येण्या-देण्याची मध्यवर्ती वजावट लावायची व्यवस्था अमेरिकन संघटनेने डेट्रॉइटमधून कारभार करताना चांगलीच मुरवली, त्यामुळे कल्पनेचा मान बर्लिनला आणि यंत्रणेचा मान अमेरिकेला दिला तर दोन्हीकडे फार अन्याय होत नाही.

ब्रिटनमध्ये ग्लासगोचे जो डॉब्सन आणि सॅफ्रन वॉल्डनचे कार्ल एंगलमन यांनी अमेरिकन संघटनेचं सभासदत्व घेतलं आणि १९२३ मध्ये ब्रिटिश शाखा झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये अमेरिकन, ब्रिटिश आणि फ्लेरोप हे तिघं एकत्र येऊन इंटरफ्लोरा झालं. मग वेगवेगळ्या चलनांचा घोळ आला, दर महिन्याला कुठल्या दराने कोणाला किती द्यायचं, त्यावर त्यांनी फ्लेरिन नावाचं हिशोबापुरतं चलन काढलं, ते स्विस फ्रँकला बांधलेलं होतं. नोट नाही, नाणं नाही, फक्त वहीतलं, आणि तरी वेगवेगळ्या देशांतले फ्लोरिस्ट त्यात एकमेकांचं देणं फेडत होते! धंद्याबाहेर हे फारसं कोणाला माहीत नाही, खरं तर माहीत असायला हवं.

पुढचा इतिहास थोडक्यात. १९३४ मध्ये अमेरिकेत टेलिफ्लोरा ही प्रतिस्पर्धी संस्था आली. आपल्या सभासदांना दुसऱ्या संस्थेत जाऊ न देण्याच्या नियमावरून एफटीडीवर सरकारने कारवाई केली आणि १९५६ मध्ये कोर्टातल्या समझोत्याने तो नियम गेला, तेव्हापासून एकाच दुकानाच्या काचेवर दोन-तीन संस्थांचे स्टिकर दिसायला लागले. १९६५ मध्ये एफटीडीने नावातला टेलिग्राफ हा शब्द काढून ट्रान्सवर्ल्ड केला. १९९४ मध्ये सभासदांची ही सहकारी संस्था विकली जाऊन नफ्यासाठी चालणारी कंपनी झाली, आणि २०१९ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, नंतर ती नव्या मालकांकडे गेली. सहकारी स्वरूप गेल्यावर दुकानदार आणि संस्था यांच्यातलं नातं बदललं असं बहुतेक जण मानतात आणि ते पटण्यासारखं आहे.

पैशाची वाटणी साधारण अशी चालत आलीये: ऑर्डर घेणारं दुकान शंभरातले वीसच्या आसपास ठेवतं, मधली संस्था आपला छोटा हिस्सा कापते, आणि उरलेल्या सत्तरएक मध्ये प्रत्यक्ष बनवणाऱ्या फ्लोरिस्टने फुलं, भांडं, मजुरी आणि गाडीचं पेट्रोल सगळं भागवायचं. दोन्हीकडून ऑर्डरी सारख्या येत-जात असतील तर हे कोणालाच जड जात नाही. पण वेबसाइटवाल्या कंपन्या फक्त ऑर्डरी गोळा करतात, त्यांच्याकडून उलट ऑर्डर दुकानाला कधीच येत नाही, शिवाय ग्राहकाकडून सर्व्हिस फी वेगळी घेतात ती दुकानापर्यंत पोचत नाही. म्हणजे ग्राहकाने मोजलेले पैसे आणि टेबलावर आलेली फुलं यात जी तफावत दिसते ती बऱ्याचदा बनवणाऱ्याची लबाडी नसते, त्याच्या हातात तेवढेच आलेले असतात.

यातल्या काही कंपन्या त्या त्या गावाचं नाव लावून स्थानिक दुकान असल्याचा देखावा करतात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी याविरुद्ध कायदे केलेत. ओळखायचं कसं, तर साइटवर रस्त्याचा पत्ता आहे का बघायचं आणि फोन करून आज दुकानात काय चांगलं आलंय असं विचारायचं, खरं दुकान असेल तर समोरचा माणूस मान वळवून बघून सांगतो. घेणाऱ्याच्या गावातल्या दुकानाला थेट फोन करणं हाच सगळ्यात चांगला मार्ग, आणि बजेट, रंग, प्रसंग एवढं सांगून बाकीचं त्यांच्यावर सोडलं तर अजून बरं. कॅटलॉगमधल्या डिझाइनला ठरलेली रेसिपी असते, गुलाब इतके, लिलीच्या काड्या इतक्या, फिलर (मधली जागा भरणारी बारीक फुलं-पानं) इतका, आणि त्यातलं एखादं फूल त्या दिवशी बाजारात नसेल तर त्याच रंगाचं, त्याच मोलाचं दुसरं घालायची मुभा असते. ही मुभा सगळ्या संस्थांच्या नियमांत लिहिलेली असते, ग्राहक मात्र ते वाचत नाहीत.

दुकानात काम कसं चालतं ते हँड-टाइड म्हणजे हातातच रचून बांधलेल्या बुकेवरून चांगलं कळतं. पाण्याखाली येतील ती पानं आधी खुडून टाकतात, मग डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीत पहिली काडी धरून पुढची प्रत्येक काडी त्याच एका बाजूला तिरकी लावत जातात आणि दर दोन-तीन काड्यांना जुडी हातातल्या हातात थोडी फिरवतात, त्याने देठांचा पीळ तयार होतो. एकही काडी उलट दिशेला गेली तर ती दाबली जाऊन मोडते. बांधायची जागा एकच, तिथे दोरीचे दोन-तीन वेढे, आणि देठ एका पातळीत कापले की अख्खा बुके टेबलावर आपला आपण उभा राहतो. तो उभा राहिला की काम जमलं.

भांड्यातल्या रचनेसाठी अर्धशतकाहून जास्त काळ हिरवा ओएसिस फोम (पाणी शोषून धरणारा, देठ खोचायचा ठोकळा) वापरला जातोय, १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या व्हर्नन स्मिदर्स यांच्या कंपनीने तो बाजारात आणला. फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचा हा फोम कुजत नाही आणि चुरगळून त्याचे मायक्रोप्लास्टिक कण होतात, म्हणून आता बरेच फ्लोरिस्ट जाळीकडे किंवा खिळ्यांच्या केन्झानकडे वळलेत. हे वळण योग्यच आहे. फोम पाण्यात दाबून बुडवायचा नसतो, पाण्यावर ठेवून आपोआप बुडू द्यायचा, नाहीतर आत कोरडे हवेचे खिसे राहतात आणि त्यात खोचलेलं फूल भरल्या पाण्यात तहानेने मरतं.

फूल का सुकतं यावर बरंच संशोधन झालंय. देठ कापला की पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत हवा शिरते, नंतर पाण्यातले जीवाणू वाढून कापलेलं तोंड बुजवतात, दोन्हीचा परिणाम एकच, पाणी वर चढत नाही. गुलाबाची मान वाकते ती बऱ्याचदा यामुळेच, फूल म्हातारं झालं म्हणून नव्हे, त्यामुळे देठ दोनेक सेंटीमीटर परत कापून कोमट पाण्यात खोल उभा ठेवला तर काही तासांत मान सरळ झालेलीही दिसते. तिरका काप द्यावा की सरळ यावर लोक वाद घालतात. तिरक्याने पाणी शोषायची जागा वाढते असं सांगतात, पण कापल्या जाणाऱ्या नळ्यांची संख्या तर तेवढीच राहते, तिरक्या कापाचा खरा फायदा देठ भांड्याच्या तळाला चिकटून बसत नाही एवढाच दिसतो. सुरी धारदार आणि बादली स्वच्छ असणं याला जास्त महत्त्व आहे. पाकिटातल्या पावडरीत तीन गोष्टी असतात: साखर फुलायला लागणाऱ्या ताकदीसाठी, आम्ल (बहुधा सायट्रिक) पाणी लवकर वर चढावं म्हणून, आणि जीवाणू रोखणारं काहीतरी. नुसती साखर घातली तर जीवाणूंचीच सोय होते.

दुसरा शत्रू इथिलिन वायू. पिकणारी फळं, धूर, सडकी पानं यातून तो निघतो आणि कार्नेशन, डेल्फिनियम, काही ऑर्किड यांवर फार थोड्या प्रमाणातही परिणाम करतो, कार्नेशनच्या पाकळ्या झोपल्यासारख्या आत वळतात. १९७८ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी सिल्व्हर थायोसल्फेटचं द्रावण देठातून सहज वर जातं आणि इथिलिनचा परिणाम अडवतं हे दाखवलं, १९९० च्या दशकात तेच काम करणारा १-एमसीपी हा वायू आला. चांदी जड धातू असल्यामुळे सांडपाण्याचा प्रश्न येतो, त्या बाबतीत १-एमसीपी बरा. पण कार्नेशनसारख्या फुलांवर सिल्व्हरचा परिणाम जास्त टिकतो, म्हणून तो पूर्ण हटलेला नाही. तापमानाचं म्हणाल तर गुलाब, कार्नेशन, ट्युलिप यांना शून्याच्या थोडं वर म्हणजे १ ते ३ अंश सेल्सियस मानवतं, पण अँथुरियम, हेलिकोनिया अशा उष्ण प्रदेशातल्या फुलांना १० अंशाच्या खाली ठेवलं तर ती काळी पडतात. एकाच कूलरमध्ये सगळं ठेवणारं दुकान यातलं काहीतरी एक खराब करणार हे नक्की.

कुंडीतल्या रोपांची मागणी प्रामुख्याने ती जास्त टिकतात म्हणून. यात दोन प्रकार येतात: एकच फुललेलं रोप (फॅलेनॉप्सिस ऑर्किड, कलांचो, सायक्लेमेन, पॉइन्सेटिया, पीस लिली) आणि तीन-चार वेगवेगळी रोपं एका उथळ भांड्यात लावलेलं डिश गार्डन. डिश गार्डन दिसायला छान, पण भांड्याला बहुतेक वेळा खाली भोक नसतं आणि कमी पाणी मागणारं सॅन्सेव्हेरिया जास्त पाणी मागणाऱ्या फर्नच्या शेजारी बसवलेलं असतं, त्यामुळे दोघांपैकी एकाचे हाल ठरलेले. घरी आल्यावर काही आठवड्यांत प्रत्येक रोप वेगळ्या कुंडीत हलवणं हाच उपाय. कुंडीभोवतीच्या चकचकीत कागदाला तळाशी भोकं पाडायची, नाहीतर पाणी साचून मुळं कुजतात. प्रवासात घातलेलं प्लॅस्टिकचं नळकांडं लगेच काढायचं. पॉइन्सेटिया त्यात जास्त वेळ राहिला तर पानांच्या देठांवर ताण येऊन तिथेच इथिलिन तयार होतो आणि पानं खाली लोंबतात, शिवाय त्याला १० अंशाखालची थंडीही सोसत नाही. फायकस जागा बदलली की पानं गाळतो, तो मेला असं समजून टाकून देऊ नये, हळूहळू सावरतो.

पाठवण्याआधी विचाराव्या अशा दोन गोष्टी आहेत. घरात मांजर असेल तर लिलियम आणि डे-लिली अजिबात नको, पान, पराग, फुलदाणीतलं पाणी काहीही पोटात गेलं तरी मांजराची किडनी निकामी होऊ शकते. फ्लोरिस्ट परागकोश खुडतात ते मुख्यतः कपड्यांवर डाग पडू नयेत म्हणून, तेवढ्याने मांजर सुरक्षित होत नाही. दुसरं हॉस्पिटल. फुलदाणीच्या पाण्यात रोगकारक जीवाणू सापडतात असं १९७३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं, त्यातून रुग्णांना प्रत्यक्ष संसर्ग होतो का यावर मात्र नंतरच्या अभ्यासकांनी शंका घेतलीये आणि ती रास्त वाटते. तरी आयसीयूत बहुतेक ठिकाणी फुलं घेत नाहीत, आणि रोगप्रतिकारशक्ती कमी झालेल्या रुग्णांच्या वॉर्डात मातीतल्या बुरशीमुळे कुंडीला तर सक्त मनाई असते, तेव्हा ऑर्डर देताना वॉर्ड कुठला ते दुकानाला सांगायचं, ते लोक हॉस्पिटलला फोन करून विचारतात आणि चालत नसेल तर डिस्चार्जनंतर घरच्या पत्त्यावर पोचवतात.