चालू करताच पासवर्ड मागणारा जुना संगणक: खोलण्याआधी हे वाचा

विंडोजचे चिन्ह दिसण्याआधीच पासवर्डची चौकट येत असेल, तर कुलूप विंडोजचे नाही, बायोसचे आहे, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या (संगणकाच्या मुख्य पाटीवरच्या) प्रोग्रामचे. विंडोज नव्याने टाकून ते निघत नाही. ‘फॉरमॅट मारला की होईल’ असे कोणी सांगितले तर नको म्हणा. फोटो आणि हिशेब जातील, पासवर्ड तिथेच राहील.

जुन्या डेस्कटॉपमध्ये हा पासवर्ड बहुधा सीमॉस नावाच्या छोट्या मेमरीत असतो. मदरबोर्डवरच्या रुपयाएवढ्या ३ व्होल्टच्या सेलवर, म्हणजे सीआर२०३२ वर, ती जागी राहते. तिची वीज तोडली की ती सगळे विसरते.

आधी भिंतीतला प्लग काढा. नुसते शटडाउन पुरत नाही, कारण पॉवर सप्लाय बंद संगणकालाही ५ व्होल्ट पुरवत राहतो आणि पासवर्ड टिकतो. ‘सेल काढला तरी गेला नाही’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते. प्लग काढल्यावर सुरू करायचे बटण १५ सेकंद दाबून धरा. मग सेलजवळ ‘सीएलआर सीमॉस’, ‘सीएलआरटीसी’ किंवा ‘जेबॅट१’ अशी अक्षरे शोधा. तीन पिना असतील तर सहसा १-२ वरची छोटी टोपी, म्हणजे जम्पर, २-३ वर १० सेकंद ठेवून पुन्हा १-२ वर आणावी लागते. ती परत बसवल्याशिवाय संगणक सुरू करू नका. डेलच्या बऱ्याच डेस्कटॉपमध्ये ‘पीएसडब्ल्यूडी’ असा वेगळा जम्पर असतो. तिथे टोपी काढून संगणक एकदा सुरू करावा लागतो. जम्पर सापडलाच नाही तर सेल अर्धा तास बाहेर ठेवा, आणि बसवताना नवाच बसवा.

यानंतर तारीख चुकीची दिसेल, ती लावून घ्या. नाहीतर बऱ्याच वेबसाइट उघडणार नाहीत. खरी गफलत पुढे होते. बायोसमधली साटाची, म्हणजे डिस्कशी बोलण्याची, पद्धत मूळ जागी जाते, एएचसीआय पद्धतीची जुनी आयडीई होते, आणि विंडोज निळ्या पडद्यावर ७बी आकड्याची चूक दाखवून थांबते. डिस्क धडधाकट असते. बायोसमध्ये जाऊन पद्धत पूर्वीसारखी केली की विंडोज उठते.

लॅपटॉपवर हा उपाय सहसा चालत नाही. तिथे पासवर्ड बहुधा वेगळ्या चिपमध्ये असतो आणि ती विजेशिवायही विसरत नाही. थिंकपॅड लॅपटॉपचा सुपरवायझर पासवर्ड, म्हणजे बायोसच्या सेटिंग बदलण्याचा पासवर्ड, विसरलात तर कंपनीचा अधिकृत उपाय मदरबोर्ड बदलणे हाच आहे. त्यात सेल काढला तर तारखेची चूक येते, ती दुरुस्त करायला तोच पासवर्ड लागतो, आणि आधी सुरू होणारा लॅपटॉपही अडकून बसतो. म्हणून तिथे सेलला हात लावू नका.

डिस्कवरची माहिती मात्र बहुतेक वेळा सुखरूप असते. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की वाचता येते. अडचण दोनच ठिकाणी. डिस्कला स्वतःचा पासवर्ड असेल तर तो डिस्कबरोबरच जातो, संगणक बदलून उपयोग नाही. आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन, चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती आधी शोधून ठेवा, कारण बायोस साफ केल्यावर त्याच संगणकातही विचारली जाऊ शकते.

संगणक आमच्याकडे आणताना चार्जर किंवा पॉवर केबल, आठवतील ते जुने पासवर्ड आणि खरेदीचे बिल आणा. मालकीचा पुरावा पाहिल्याशिवाय आम्ही कुलूप काढत नाही.