लांबचा व्यापार वेगळा, जागतिकीकरण वेगळं

कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची छोटी मूर्ती आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर ती सापडली. सातवाहनांच्या काळात रोमन जगातली वस्तू घाट चढून इथवर आली होती, याचा हा धडधडीत पुरावा. मग कुणीतरी म्हणतंच, "जागतिकीकरण काय नवीन? दोन हजार वर्षांपूर्वीही होतंच की." दुसरा ठामपणे सांगतो की सगळं 1991 नंतर सुरू झालं. आमच्या मते दोघांचाही घोटाळा एकाच ठिकाणी होतो. माल लांबून येणं आणि दोन बाजार एकमेकांना बांधले जाणं, या गोष्टी ते एकच धरतात.

फरक कळतो भावावरून. भारतातला माल रोममध्ये मूळ किमतीच्या शंभरपटीने विकला जातो, असं पहिल्या शतकात प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय. आकडा फुगवलेला असेल, पण तफावत प्रचंड होती यात शंका नाही. गलबतं मोसमी वाऱ्यावर चालायची, म्हणजे वर्षाला एक फेरी. रोमन हद्दीत शिरताना 25 टक्के जकात. एवढा खर्च सोसून परवडायचा तो मिरी, मोती, तलम कापड असा हलका आणि महागडा माल. इथल्या शेतकऱ्याच्या जोंधळ्याचा भाव रोममुळे हलत नव्हता. हा लांबचा व्यापार झाला, आणि तो खरोखर फार जुना आहे.

आता कापूस बघा. 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडमधल्या लिव्हरपूल बंदराला पोचेना. मुंबईत भाव भडकले, खानदेश-वऱ्हाडात शेतकऱ्यांनी कापूस वाढवला, सावकारांनी हात सैल सोडला. 1865 ला युद्ध संपलं आणि भाव कोसळले. मुंबईचा शेअरबाजार बुडाला. कर्जं मात्र राहिली. 1875 ला शेतकरी सावकारांवर उठले, त्या दख्खनच्या दंग्यांमागचा एक धागा तिथवर जातो. ज्या शेतकऱ्याने समुद्र पाहिला नव्हता, त्याचा संसार परक्या देशातल्या युद्धाने हलला. जागतिकीकरण म्हणतात ते याला.

पुढे 1869 ला सुएझ कालवा खुला झाला, 1870 ला मुंबई-लंडन तार समुद्राखालून जोडली गेली. लिव्हरपूल आणि मुंबईच्या कापसाच्या भावातली तफावत 1873 ला सुमारे 57 टक्के होती, ती 1913 पर्यंत 20 टक्क्यांच्या आसपास आली. मिरज-कोल्हापूर रेल्वे 1891 ची आणि शाहूपुरीची गूळपेठ 1895 ची, म्हणजे याच काळातली.

हा प्रवास सरळ मात्र झाला नाही. जगाच्या उत्पन्नात निर्यातीचा वाटा 1913 ला सुमारे 8 टक्के होता. दोन महायुद्धं आणि 1930 नंतरच्या जकातींच्या भिंतींमुळे 1950 ला तो साडेपाचवर आला. 1956 पासून कंटेनर आला, चढउतार स्वस्त झाली, आणि एकाच यंत्राचे भाग वेगवेगळ्या देशांत बनू लागले. नवं म्हणायचंच तर हे.

दोन बाजार बांधलेले आहेत का, याचा हिशेब स्वतः करायचा तर साखर घ्या. एस-30 या बारीक दाण्याच्या साखरेचा कारखान्यावरचा भाव घ्या, दुकानातला नको. त्यात जीएसटी आणि किरकोळ नफा मिसळलेला असतो. समोर लंडनचा पांढऱ्या साखरेचा भाव ठेवा. न्यूयॉर्कचा भाव कच्च्या साखरेचा, तोही पौंडाला सेंटमध्ये. 1 सेंट म्हणजे टनाला साधारण 22 डॉलर. तो एस-30 च्या भावाशी थेट ताडून बघितला की हमखास चुकतं. लंडनच्या भावाचे त्याच दिवशीच्या डॉलरच्या दराने रुपये करा, बंदरापर्यंतचं भाडं आणि हाताळणी वजा करा. एका दिवसाच्या फरकाला अर्थ नाही. दोन्ही भाव महिनोन्‌महिने बरोबर वरखाली होतात का, ते बघा.

2021-22 च्या हंगामात देशातून सुमारे 110 लाख टन साखर बाहेर गेली, तेव्हा इथला आणि बाहेरचा भाव बांधणारा दोर ताणलेला होता. 2023-24 ला निर्यात बंद होती, आयातीवर 100 टक्के शुल्क होतं आणि खाली किलोला 31 रुपयांचा किमान विक्रीदर होता. दोर सरकारने कापलेला. साखर तीच, कारखाने तेच.

गुळाचं गणित आणखी वेगळं. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात 30 किलोच्या रव्यांचे, म्हणजे ढेपांचे, सौदे होतात, आणि भाव मुख्यतः गुजरातच्या मागणीवर ठरतो. गूळ परदेशीही जातो, पण लंडनला साखरेसारखा त्याचा वायदा, म्हणजे पुढच्या तारखेचा सौदा, होत नाही. म्हणून गूळ जगापासून सुटा आहे असं वाटतं. पण कारखान्याने उसाला जादा दर दिला की गुऱ्हाळाला ऊस कमी पडतो. आणि निर्यात खुली असेल, तर तो दर साखरेचा मोठा उत्पादक असलेल्या ब्राझीलच्या पावसावरही हलतो.