पाच किलोमीटर, दहा वाव, बारा मैल

मोठ्या यांत्रिक बोटींना किनाऱ्यापासून लांब ठेवणारे आपले कायदे आले ते मासळी वाचवण्यापेक्षा मारामाऱ्या थांबवण्यासाठी. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचा पन्नास वर्षांचा गोंधळ बराचसा उलगडतो. सिंधुदुर्गाच्या समुद्रात पर्ससीन (थव्याला घेरून आवळणारं जाळं), एलईडी (प्रखर दिव्यांनी मासे ओढून घेणं) आणि कर्नाटकातल्या मालपे बंदराकडून येणारे हायस्पीड ट्रॉलर (जाळं मागे ओढत नेणाऱ्या मोठ्या बोटी) यांवरून जवळजवळ दर हंगामात ठिणगी पडते. निवेदनं दिली जातात, गस्तीनौका दोन फेऱ्या मारते, एखादी बोट पकडून बंदरात आणली जाते, आणि पुढच्या हंगामात तेच पुन्हा.

याची सुरुवात कोळंबीपासून झाली. १९५२ साली भारत आणि नॉर्वे यांच्यात करार झाला आणि केरळात कोल्लमजवळ मच्छीमारी प्रकल्प उभा राहिला. गरीब मच्छीमाराच्या होडीला इंजिन मिळावं, त्याचं उत्पन्न वाढावं, हा त्यामागचा हेतू होता. साठच्या दशकात मात्र अमेरिका आणि जपानच्या बाजारात कोळंबीला असा भाव मिळू लागला की होड्या बाजूला राहिल्या आणि ट्रॉलर पुढे आले. राज्य सरकारांनी कर्जं दिली, अनुदानं दिली. कोळंबी असते उथळ पाण्यात, म्हणून खोल समुद्रासाठी म्हणून घेतलेला ट्रॉलर किनाऱ्यालगतच घुटमळू लागला, तळ खरवडणारं जाळं घेऊन. छोट्या मच्छीमाराची जाळीही तिथेच पसरलेली असत. ट्रॉलरने ती फाडून नेली तर भरपाई कोणाकडे मागायची, याचं उत्तर तेव्हा कोणत्याच कायद्यात नव्हतं.

गोव्यात ही गोष्ट सगळ्यात उघडपणे घडली. तिथल्या रापणीचं गणित समजल्याशिवाय तिथला संताप समजत नाही. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं प्रचंड जाळं. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळ टाकायचं आणि दोन्ही टोकं वाळूवरून पन्नास-शंभर माणसांनी खेचायची. जाळ्यात वाटा असणाऱ्याला वाटा, ओढायला हात लावणाऱ्यालाही वाटा. बांगड्याचा थवा किनाऱ्याला लागला की अख्खा गाव धावायचा. बर्फाची सोय नव्हती तेव्हा उरलेला बांगडा माडांच्या बुंध्यात खत म्हणून पुरला जायचा, इतकी मासळी मिळे. पण या सगळ्याला एकच अट होती: मासा स्वतःहून किनाऱ्याकडे यायला हवा.

पर्ससीनने नेमकी तीच अट मोडली. हे जाळं थव्याला समुद्रातच चहूबाजूंनी घेरतं आणि खालून दोरीने बटव्यासारखं आवळतं. मग किनाऱ्यावर यायला शिल्लक काय राहणार? शेजारच्या कर्नाटकात १९७५-७६च्या सुमारास पर्ससीन व्यापारी प्रमाणावर आलं आणि तिथली रांपणी, म्हणजे रापणच, काही वर्षांतच जवळपास संपली. तिथल्या काही रांपणीवाल्यांनी तर स्वतःच पर्ससीन बोटी घेतल्या. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्यासमोर दुसरी वाट फारशी नव्हती.

गोव्यात तसं झालं नाही. ट्रॉलर घेणाऱ्यांत मासेमारीशी पिढीजात संबंध नसलेले पैसेवाले बरेच होते, त्यामुळे भांडण सरळ ‘आम्ही’ आणि ‘ते’ असं उभं राहिलं. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर ‘गोंयच्या रापणकारांचो एकवोट’ उभा राहिला आणि पेशाने शिक्षक असलेले माथानी साल्ढाणा त्याचं नेतृत्व करू लागले. मोर्चे निघाले, उपोषणं झाली, समुद्रात चकमकीही झाल्या. मागणी अगदी साधी होती: किनाऱ्यालगतचा एक पट्टा आमच्यासाठी ठेवा. १९७८ मध्ये वेगवेगळ्या राज्यांतल्या संघटना एकत्र आल्या आणि पुढे राष्ट्रीय मच्छीमार मंच म्हणून ओळखली गेलेली देशव्यापी संघटना जन्मली. तिचं पहिलं अध्यक्षपदही साल्ढाणांकडेच होतं. पुढे ते गोव्यात मंत्री झाले. २०१२ मध्ये त्यांचं निधन झालं.

दंगे तमिळनाडूत आणि केरळातही होत होते. केंद्राने १९७६ मध्ये मजुमदार समिती नेमली ती या पार्श्वभूमीवर. समितीच्या कामातून नमुना विधेयक तयार झालं आणि १९७९ मध्ये ते राज्यांकडे धाडण्यात आलं. केंद्राने स्वतः कायदा का केला नाही? राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय राज्यांच्या यादीत आहे आणि प्रादेशिक जलधीपलीकडची मासेमारी केंद्राच्या यादीत. म्हणजे १२ सागरी मैलांपर्यंत, सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, राज्याचा अंमल, आणि तिथून २०० सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात केंद्राचा. हे क्षेत्र भारताने १९७६च्या कायद्याने आखून घेतलं होतं. फायलीत ही विभागणी नीटनेटकी दिसते. बांगड्याला ती कोणी सांगितलेली नाही.

गोवा आणि केरळने १९८० मध्ये कायदे केले, महाराष्ट्राने १९८१ मध्ये. गुजरातने मात्र २००३ पर्यंत वेळ घेतला. गोव्याने यांत्रिक बोटींना ५ किलोमीटरच्या आत मज्जाव केला. महाराष्ट्राने अंतराऐवजी खोली धरली आणि ५ ते १० वावांपर्यंतचं पाणी ट्रॉल जाळ्यांना बंद केलं. एक वाव म्हणजे साधारण सहा फूट. मच्छीमार वावांतच बोलतो, म्हणून हे माप त्याच्या ओळखीचं होतं. पण उत्तर कोकणात समुद्र दूरवर उथळ आहे आणि दक्षिणेकडे तो किनाऱ्याजवळच खोल होत जातो. त्यामुळे त्याच १० वावांनी पालघरच्या मच्छीमाराला रुंद पट्टा मिळतो, मालवणच्या मच्छीमाराला अरुंद.

या कायद्याची खरी दुखरी नस दंडात होती. दंडाचा हिशेब सापडलेल्या मासळीच्या किमतीशी बांधलेला होता आणि निवाडा तहसीलदारापुढे चाले. ज्या माणसाकडे जमीन महसुलापासून निवडणुकीपर्यंत सगळी कामं, त्याच्याकडे जाळ्याच्या आसाचाही (भोकाच्या मापाचाही) निवाडा! नव्वदच्या दशकात अशा कायद्यांची न्यायालयातली बाजू मात्र भक्कम झाली. केरळने आपल्या जलधीत पर्ससीन आणि तशाच प्रकारच्या रिंगसीन जाळ्यांवर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये वैध ठरवली.

त्याच सुमारास दुसरी आघाडी उघडली, ती बारा मैलांपलीकडे. परदेशी जहाजांसाठी परवाने आवश्यक करणारा केंद्राचा कायदा १९८१चाच. १९९१च्या उदारीकरणात मात्र खोल समुद्रात संयुक्त प्रकल्प आणि भाडेतत्त्वावरची परदेशी जहाजं यांना दार उघडलं गेलं. १९९४ मध्ये देशभर मच्छीमारांचे बंद झाले, त्यात नेहमी भांडणारे होडीवाले आणि ट्रॉलरवाले एकाच बाजूला होते. १९९५ मध्ये राष्ट्रीय मच्छीमार मंचाचे नेते थॉमस कोचेरी पोरबंदरला उपोषणाला बसले. मग मुरारी समिती आली आणि तिने परदेशी जहाजांचे परवाने रद्द करण्याची शिफारस केली. तरी परवानगीपत्रांच्या रूपाने ती वाट किलकिली राहिलीच. खोल समुद्रातल्या मासेमारीविषयीच्या मीनाकुमारी समितीच्या २०१४च्या अहवालावर पुन्हा गदारोळ झाला आणि २०१७ मध्ये परवानगीपत्रांची योजना गुंडाळली गेली.

परदेशी जहाजांविरुद्ध सगळे एक होतात. घरच्या पर्ससीनविरुद्ध तसं होत नाही, कारण ते खरोखरच घरचं आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात पर्ससीनवर गुंतवलेला पैसा कोकणातल्याच माणसांचा आहे. एका बोटीवर वीस-तीस खलाशी असतात आणि डोक्यावर बँकेचं कर्ज. त्यांना सरसकट ‘भांडवलदार’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्याने वाद सुटत नाही. राज्याने या प्रश्नासाठी डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांची समिती नेमली. तिच्या शिफारशींवर आधारलेला आदेश ५ फेब्रुवारी २०१६ला निघाला: पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने, नवे परवाने बंद, आणि आहेत ते टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली. मासळी किती उरली आहे हा विचार नियमाच्या मुळाशी आला तो इथे, मूळ कायद्यानंतर तब्बल ३५ वर्षांनी.

तोवर एलईडी आले होते. जनरेटर लावलेली बोट रात्री समुद्रात प्रखर दिवे लावते आणि उजेडाकडे लहानमोठी सगळी मासळी ओढली जाते. केंद्राने १० नोव्हेंबर २०१७ला आपल्या क्षेत्रात एलईडी मासेमारी आणि बुल ट्रॉलिंग (दोन बोटींनी मिळून एकच जाळं ओढणं) बंद केलं. २०२१ मध्ये महाराष्ट्राने स्वतःचा कायदा सुधारला: निवाडा तहसीलदाराकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याकडे गेला आणि एलईडीसाठी दंड २० लाखांपर्यंत वाढला. ४० वर्षांत कायद्याला पहिल्यांदा दात आले, असं म्हणता येईल. चावण्यासाठी लागणाऱ्या गस्तीनौका मात्र मोजक्याच राहिल्या. जानेवारी २०२५ पासून ड्रोनने टेहळणी सुरू झाली. बेकायदा बोट ड्रोनला दिसते, पण ती अडवायला समुद्रात नौकाच लागते.

बारा मैलांची रेघ अजून तशीच त्रास देते आहे. तमिळनाडूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये अंतरिम आदेश देऊन १२ सागरी मैलांपलीकडे पर्ससीनला आठवड्यातून दोन दिवस, सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी ८ ते संध्याकाळी ६ एवढ्या वेळेत मुभा दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रासाठी नवे नियम अधिसूचित केले. त्यांत यांत्रिक बोटींना प्रवेश-पास लागतो, सहकारी संस्थांना प्राधान्य आहे, परदेशी जहाजांना मज्जाव आहे आणि एलईडीवरची बंदी कायम आहे. पण केंद्राचा पास घेऊन निघालेली पर्ससीन बोट जानेवारी ते मे या काळात, राज्यात पर्ससीनला बंदी असताना, राज्याच्याच बंदरातून सुटणार, राज्याच्याच बारा मैलांतून जाणार आणि मासळी राज्याच्याच धक्क्यावर उतरवणार. तिने जाळं नेमकं कुठे टाकलं हे ठरवायचं कोणी, यावर दोन्ही सरकारांनी एकत्र बसून नियम केला नाही तर हा वाद पुन्हा न्यायालयातच जाईल.