वाडीचं कन्यागत आणि ग्रहांची चाल

निपाणी-चिकोडीकडच्या जुन्या माणसांचा वयाचा हिशेब कन्यागतावर चालायचा. "तू झालास त्याच्या आदल्या वर्षी कन्यागत होतं," असं आमची आजी सांगायची. गुरू कन्या राशीत आला की नृसिंहवाडीला कृष्णास्नानाचं पर्व लागतं आणि सीमाभागातून गाड्या भरभरून माणसं वाडीला जातात. मागचं कन्यागत 2016 सालचं. ते बारा वर्षांनी येतं, कारण सूर्याभोवतीच्या एका फेरीला गुरूला 11.86 वर्षं लागतात. शनीला साडेएकोणतीस, म्हणून एका राशीत अडीच वर्षं आणि तीन राशींची साडेसाती.

फेरीचा काळ असा घरोघरी ठाऊक होता. वेग मात्र कुणालाच ठाऊक नव्हता, कारण वाट किती लांब हे माहीत नव्हतं. आपल्या सिद्धान्तकारांनी, म्हणजे जुन्या खगोलगणितज्ञांनी, मानलं की सगळे ग्रह रोज सारखीच योजनं (अंतराचं जुनं माप) चालतात. शनीची कक्षा मोठी, म्हणून तो मंद दिसतो. भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'तही हेच आहे. हा विचार चुकीचा ठरला, तरी मला तो फार देखणा वाटतो.

तो कुठे चुकला, हे जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहानेस केपलरच्या 1619 च्या नियमावरून कळतं: ग्रह जितका लांब, तितकी त्याची चालच मंद. शनी सूर्यापासून पृथ्वीच्या साडेनऊ पट लांब आहे. वेग सारखा असता, तर त्याची फेरी साडेनऊ वर्षांत झाली असती. लागतात त्याच्या तिप्पट! म्हणजे शनी नुसता दिसायला मंद नाही, तो खरोखरच पृथ्वीच्या एक तृतीयांश वेगानं चालतो. सूर्याची ओढ लांबवर कमी पडते, हे कारण पुढे 1687 मध्ये न्यूटननं दिलं.

केपलरकडेही अंतरांची फक्त पटच होती, प्रत्यक्ष अंतरं नव्हती. 1672 मध्ये पॅरिसहून कॅसिनी आणि दक्षिण अमेरिकेतल्या कायेनहून रिशे या खगोलशास्त्रज्ञांनी एकाच सुमारास मंगळ पाहिला. दोन्ही ठिकाणांहून तो ताऱ्यांमध्ये किंचित वेगळ्या जागी दिसला, आणि तेवढ्या फरकावरून सूर्याचं अंतर बरंचसं हाती आलं. आज आपण सांगू शकतो: पृथ्वी सेकंदाला 29.8 किलोमीटर धावते. बेळगाव-निपाणी हे पाऊणशे किलोमीटर अंतर तिला अडीच सेकंदांचं. बुध सेकंदाला 47 किलोमीटर धावतो, मंगळ 24, गुरू 13, शनी 9.7, नेपच्यून तर 5.4.

"मंगळावर जायला किती दिवस?" असं मुलं विचारतात, तेव्हा नुसता भागाकार करून चालत नाही. निघायचं ते गाव धावतंय आणि पोचायचं तेही. कमीत कमी इंधनाची वाट जर्मन अभियंता वाल्टर होमान यानं 1925 मध्ये मांडली: सूर्याभोवती अर्धी फेरी मारत मंगळाला गाठायचं, साधारण साडेआठ महिन्यांत. असा मुहूर्त 26 महिन्यांनी येतो. मंगळयानानं 1 डिसेंबर 2013 ला पृथ्वीची कक्षा सोडली आणि 24 सप्टेंबर 2014 ला ते मंगळाभोवती फिरू लागलं. मंगळ अगदी जवळ येतो तेव्हा साडेपाच कोटी किलोमीटरवर असतो. यानाला मात्र साठ कोटींहून जास्त चालावं लागलं.

अमेरिकेचं व्हॉयेजर-2 हे यान ऑगस्ट 1977 मध्ये निघालं. वाटेत गुरू, शनी आणि युरेनस यांच्या ओढीचा जोर घेत ते ऑगस्ट 1989 मध्ये नेपच्यूनजवळ पोचलं. बारा वर्षं, म्हणजे आजीच्या हिशेबानं एक कन्यागत.