गतिसंपादन (पात्र-अ‍ॅनिमेशन)

संगणकावरील पात्राची हालचाल तासून, ताणून, पुढेमागे सरकवून तिच्यात भाव आणण्याची प्रक्रिया, आणि त्यासाठी वापरली जाणारी सॉफ्टवेअर-साधने. माया, मोशनबिल्डर आणि फुकट मिळणारे ब्लेंडर ही त्यांतली रुळलेली नावे.

पात्राची मोक्याची स्थिती ज्या फ्रेमवर, म्हणजे चित्रमालिकेतल्या ज्या एका चित्रावर, पक्की करतात ती की-फ्रेम. मधल्या फ्रेम संगणक भरतो. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी ही पद्धत घडवली. पण संगणक मधली जागा गुळगुळीत भरतो, आणि भाव नेमका तिथेच हरवतो. म्हणून अ‍ॅनिमेटरचा बराचसा वेळ ग्राफ एडिटरमध्ये जातो. तिथे प्रत्येक सांध्याची हालचाल वक्ररेषा म्हणून दिसते. रेषा जितकी उभी, तितका वेग जास्त. डोप शीट म्हणजे की-फ्रेमचा वेळतक्ता; त्यात फक्त वेळ हलवता येते, आणि नवशिके डोप शीटला उगाच कमी लेखतात.

गोव्यातले उदाहरण घ्यायचे तर सत्तरी-डिचोलीकडचे शिगम्यातले घोडेमोडणी हे लोकनृत्य. नर्तकाच्या कमरेला घोड्याचा सांगाडा, एका हातात तलवार, पायांत घुंगरू. हे मोशन कॅप्चरने, म्हणजे खऱ्या नर्तकाची हालचाल संगणकात नोंदवून, टिपले तर नोंदीत बारीक थरथर येते. ती घालवायला सगळ्या वक्रांवर गुळगुळीत करणारा एकच फिल्टर फिरवला, की घुंगरांच्या ठेक्यावर आपटलेली टाचही बोथट होते. नर्तक पाण्यात चालल्यासारखा दिसतो. टाचेच्या की-फ्रेम वगळून फिल्टर लावणे हाच उपाय. लाकडी मान कमरेबरोबर त्याच क्षणी हलली तर घोडा चिकटवल्यासारखा वाटतो. कमरेचा वक्र मानेवर उतरवून दोन-तीन फ्रेम मागे सरकवला, की घोड्याला वजन येते. तलवारीचा वार सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबाने १२ फ्रेममध्ये पुरा होत असेल तर तो आळसावलेला. ६ मध्ये बसवला आणि आधी हात ४ फ्रेम मागे रोखून धरला, की त्यात त्वेष उतरतो.

मूळ नोंद न मोडता असे बदल वरच्या थरात ठेवण्याची सोय आज बहुतेक साधनांत आहे. त्यामागचा विचार, म्हणजे थोड्याच की-फ्रेमनी अख्खी नोंद वाकवणे, अँड्र्यू विटकिन आणि झोरान पोपोविच यांनी १९९५ मध्ये मांडला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २००० साली नृत्यचिंतक रुडॉल्फ लाबान यांच्या वजन, वेळ, अवकाश आणि प्रवाह या चार गुणांवरून पात्राची लकब बदलणारी ‘इमोट’ प्रणाली सादर केली. कल्पना देखणी, पण अशा आकड्यांना ढोल-ताशा ऐकू येत नाही. त्यामुळे वाद्यांचा आवाज टाइमलाइनवर, म्हणजे फ्रेमच्या क्रमाच्या पट्टीवर, आणून, प्रत्येक ठोक्यावर मार्कर (खूण) लावून, मगच पावले बसवावी लागतात.