अमेरिकेतले इमिग्रेशन बेनिफिट आणि त्यासाठी मिळणारी कायदेशीर मदत

बेनिफिट म्हटलं की सरकारकडून मिळणारे पैसे किंवा भत्ता असं बऱ्याच जणांना वाटतं, पण अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. ग्रीन कार्ड, वर्क परमिट, नागरिकत्व, असायलम म्हणजे आश्रय, नवरा-बायको किंवा आईवडिलांसाठी केलेली पिटिशन, अर्ज चालू असताना देशाबाहेर जाऊन परत यायची परवानगी, असं जे जे सरकारकडे रीतसर अर्ज करून मागावं लागतं ते सगळं बेनिफिट. मूळ कायदा १९५२ चा, त्यात नंतर असंख्य दुरुस्त्या झाल्या. बहुतेक अर्ज यूएससीआयएसकडे, म्हणजे नागरिकत्व आणि इमिग्रेशनचे अर्ज बघणाऱ्या सरकारी ऑफिसकडे जातात, हे ऑफिस १ मार्च २००३ ला होमलँड सिक्युरिटी (देशांतर्गत सुरक्षा) खात्याखाली सुरू झालं, त्याआधी हे काम आयएनएस ही जुनी सरकारी संस्था बघायची. इमिग्रेशन कोर्टं मात्र न्याय खात्याच्या ईओआयआर या कार्यालयाखाली येतात आणि बाहेरच्या देशातल्या वकिलातींमधून व्हिसा परराष्ट्र खातं देतं. तीन खाती, तिघांचे नियम वेगळे, त्यामुळे आपलं प्रकरण नेमकं कुठे आहे हे आधी कळायला हवं.

मदत कोण करू शकतं

कायद्याचा सल्ला द्यायचा अधिकार मुख्यतः दोघांना. पहिला म्हणजे लायसन्स चालू असलेला वकील. इमिग्रेशन हा फेडरल म्हणजे केंद्र सरकारचा विषय असल्यामुळे तो कुठल्याही एका राज्याच्या बारचा, म्हणजे वकिलांच्या अधिकृत संघटनेचा मेंबर असला तरी चालतो, टेक्ससमध्ये राहणाऱ्याने न्यू जर्सीचा वकील केला तरी अडत नाही. दुसरा म्हणजे अ‍ॅक्रेडिटेड रिप्रेझेंटेटिव्ह. हा वकील नसतो, पण न्याय खात्याने मान्यता दिलेल्या ना-नफा संस्थेत काम करतो आणि त्याला स्वतःलाही वेगळी मान्यता घ्यावी लागते. मान्यता पार्शल म्हणजे अंशतः असेल तर तो यूएससीआयएससमोर उभा राहू शकतो, फुल असेल तर इमिग्रेशन कोर्टातसुद्धा. दोघांचीही खात्री फुकटात करता येते, वकिलाचं नाव त्याच्या राज्याच्या बारच्या वेबसाइटवर आणि रिप्रेझेंटेटिव्हचं नाव ईओआयआरच्या यादीत बघायचं. पैसे देण्याआधी ही पाच मिनिटं काढाच. खरा प्रतिनिधी जी-२८ फॉर्मवर सही करून आपलं नाव प्रकरणाला जोडतो, कोर्टासाठी असाच ईओआयआर-२८ असतो. जो म्हणतो की मी सगळं भरून देतो पण माझं नाव कुठे टाकू नका, त्याच्याकडून तिथल्या तिथे कागद परत घ्या.

नोटरी आणि कन्सल्टंट

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. अमेरिकेत नोटरी पब्लिक फक्त ओळख तपासून सहीला साक्षीदार राहतो, तो वकील असेलच असं नाही. लॅटिन अमेरिकेतल्या बऱ्याच देशांत ‘नोतारियो’ हा मोठा कायदेतज्ज्ञ असतो, त्यामुळे तिकडून आलेली माणसं पाटी वाचून फसतात. भारतात नोटरी बहुतेक वेळा वकीलच असतो, म्हणून आपल्या लोकांचाही तसाच समज होऊ शकतो. टायपिस्टसारखं तुम्ही सांगाल ते फॉर्ममध्ये लिहून द्यायला कुणालाही मनाई नाही, पण कुठला फॉर्म भरायचा, कुठल्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं हे सांगितलं की तो कायद्याचा सल्ला झाला.

हे प्रत्यक्षात कसं होतं बघा. कन्सल्टंट म्हणतो वर्क परमिट काढून देतो, माणूस इंग्रजी न वाचता सही करतो आणि आत आय-५८९ म्हणजे असायलमचा अर्ज गेलेला असतो, कारण तो अर्ज ठरावीक काळ पेंडिंग राहिला की वर्क परमिट मागता येतं. पुढे इंटरव्ह्यू येतो, सांगायला काहीच नसतं, अर्ज मंजूर होत नाही आणि ज्याच्याकडे दुसरा वैध स्टेटस नाही त्याचं प्रकरण थेट इमिग्रेशन कोर्टात जातं. जाणूनबुजून बनावट असायलम मागितल्याचं ठरलं तर पुढचे बेनिफिट कायमचे बंद होऊ शकतात. सही तुमची, त्यामुळे जबाबदारीही तुमचीच धरली जाते. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, कितीही ओळखीचा माणूस असला तरी.

कमी पैशात किंवा फुकट मदत

ईओआयआर प्रो बोनो म्हणजे फुकट केस घेणाऱ्या संस्थांची यादी राज्यवार प्रसिद्ध करतं. लॉ स्कूलच्या क्लिनिकमध्ये, म्हणजे कायदेशीर मदत केंद्रात, प्रोफेसरांच्या देखरेखीखाली विद्यार्थी केस लढतात आणि ते फार मन लावून काम करतात. फेडरल निधीवर चालणाऱ्या लीगल एडवर (गरिबांसाठीच्या कायदेशीर मदतीवर) १९९६ पासून कागदपत्रं नसलेल्यांबाबत बंधनं आहेत, पण घरगुती हिंसा किंवा मानवी तस्करीच्या पीडितांना त्यात सूट मिळते. मारहाण करणारा नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर बायको १९९४ च्या कायद्याखाली त्याला न सांगता स्वतः आय-३६०, म्हणजे स्वतःसाठीची पिटिशन, भरू शकते, ही गोष्ट जास्तीत जास्त बायकांपर्यंत पोचायला हवी.

नोकरीतून ग्रीन कार्ड करणाऱ्यांना वकील कंपनीच देते. तो कंपनीचाही वकील असतो, त्यामुळे नोकरी सोडायची असेल किंवा ले-ऑफची भीती असेल तर स्वतःचा वेगळा वकील गाठून एकदा बोलून घ्यावं. लेबर सर्टिफिकेशनचा (या ग्रीन कार्डसाठी कंपनीने श्रम खात्याकडून घ्यायच्या मंजुरीचा) खर्च, वकिलाच्या फीसकट, २००७ च्या नियमानुसार कंपनीलाच करावा लागतो.

अर्ज करताना

फॉर्म यूएससीआयएसच्या साइटवर फुकट मिळतात, पैसे लागतात ते फाइलिंग फीचे. १ एप्रिल २०२४ पासून नागरिकत्वाच्या एन-४०० ची फी ऑनलाइन ७१० डॉलर आणि कागदी अर्जाला ७६० डॉलर झाली, पण फी बदलत राहते म्हणून भरायच्या दिवशी साइटवर बघावी. फॉर्मची जुनी एडिशन किंवा राहिलेली सही एवढ्यावरून अख्खं पाकीट परत येतं.

मराठीतला जन्मदाखला असेल तर त्याचं पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, शिक्क्यांवरच्या मजकुरासकट. आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे असं भाषांतर करणाऱ्याने सहीनिशी लिहून द्यायचं, त्याला नोटरीची गरज नाही. जुन्या दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, किंवा दाखलाच मिळत नाही, अशा वेळी अनुपलब्धतेचं पत्र, शाळेचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं गोळा करावी लागतात. त्यात महिने जातात, म्हणून हे काम आधी सुरू करा.

अर्ज पोचला की आय-७९७ पावती येते, तिच्यावर तीन अक्षरं आणि दहा आकडे असा केस नंबर असतो. तो स्वतःकडे ठेवा, वकिलाकडे असला तरी. घर बदललं तर १० दिवसांत एआर-११ भरून नवा पत्ता कळवायचा असतो.

कोर्टात गेल्यावर

क्रिमिनल केसमध्ये वकील परवडत नसेल तर सरकार देतं, सुप्रीम कोर्टाच्या १९६३ च्या गिडियन निकालापासून. इमिग्रेशन कोर्टात वकील करायचा हक्क आहे पण सरकारच्या खर्चाने नाही, असं कायद्यातच लिहिलंय, त्यामुळे लहान मुलंसुद्धा न्यायाधीशासमोर एकटी उभी राहिली आहेत आणि हे वाचताना आजही पोटात तुटतं. २०१३ मध्ये न्यूयॉर्क शहराने कोठडीतल्या इमिग्रंटांसाठी सार्वजनिक निधीतून वकील द्यायला सुरुवात केली, देशातला असा तो पहिलाच प्रयत्न. सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या पडिया निकालानंतर क्रिमिनल वकिलालाही गुन्हा कबूल करण्याआधी डिपोर्टेशनचा धोका अशिलाला सांगावा लागतो.

वकिलाच्याच चुकीने केस बिघडली तर इमिग्रेशन अपील बोर्डाच्या १९८८ च्या लोसाडा निर्णयाने ती पुन्हा उघडायला वाट ठेवली आहे, त्यासाठी काय ठरलं होतं आणि काय घडलं याचं प्रतिज्ञापत्र लागतं, त्या वकिलाला कळवून उत्तराची संधी द्यावी लागते आणि बारकडे तक्रार केली की नाही, नसेल तर का नाही, हे लिहावं लागतं.